शिलाई मशीन आणि वालचंदशेठ

संक्रांतीच्या हळदीकुंकवानंतरची गोष्ट. आमच्या वडगाव निंबाळकरच्या बचत गटाला निरोप आला, की एक कंपनी आपल्या सीएसआरच्या पैशातून बायकांना शिलाई मशीन देणार आहे. दहा मशीन आणि वर तीन महिन्यांचं शिकवणं, तेही फुकट. गटात नुसता आनंदीआनंद! कुणी ब्लाऊजच्या शिलाईचे दर ठरवायला लागली, कुणी शाळेच्या गणवेशाची ऑर्डर आपल्याला मिळेल का म्हणून विचारू लागली. मी गटाची सचिव. त्यामुळे अर्जाचे कागद माझ्यासमोर. एवढ्यात आमच्यातल्या सगळ्यांत थोरल्या मावशी, ज्या एरवी बैठकीत डुलक्या काढतात, त्यांनी मधेच विचारलं, की मशीन देतायत ते बरंच आहे, पण ही कंपनी तिच्याकडं कामाला जाणाऱ्या बायकांना पगार वेळेवर देते का गं?

सगळ्या गप्प झाल्या. कारण गटातल्याच दोघींच्या सुना त्या कंपनीत कंत्राटावर जातात, आणि त्यांचा पगार दोन-दोन महिने थकतो हे कुणाला ठाऊक नव्हतं असं नाही. त्या दिवशी अर्ज तसाच राहिला.

घरी आले तरी मावशींचा प्रश्न डोक्यातून जाईना. धंदा करणाऱ्याने समाजाला काय द्यायचं असतं? वर्षातून एकदा मशीन वाटायची, की रोजचा धंदाच सरळ करायचा? विचार करता करता मला आपल्याच भागातला एक माणूस आठवला. बारामतीहून इंदापूरकडे जाणाऱ्या एस.टी.त बसलं, की भवानीनगर मागे पडतं, मग जंक्शन लागतं, आणि तिथून आत वळलं की त्याच्या नावाचं गावच आहे. वालचंदनगर. आपण तिथे लग्नाला जातो, बारशाला जातो, पण ते नाव ज्याचं, तो वालचंद हिराचंद कोण होता हे आपल्यातल्या किती जणींना सांगता येईल? मलाही नव्हतं येत. म्हणून मिळेल ते वाचून काढलं.

वालचंद हिराचंद दोशी यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ चा, सोलापूरचा. घराणं मूळचं सौराष्ट्रातल्या वांकानेरचं, दिगंबर जैन. पोटापाण्यासाठी इकडे आलं आणि कापसाच्या आणि सावकारीच्या धंद्यात स्थिरावलं. वालचंद तान्हे असतानाच आई गेली. घरातल्याच एका बाईमाणसाने त्यांना पोटच्या पोरासारखं वाढवलं. मोठ्या माणसांची चरित्रं वाचताना अशा बाईचं नाव एका ओळीत येतं आणि पुढच्या ओळीत विसरलं जातं. मला मात्र नेहमी तिथेच थांबावंसं वाटतं. असो.

शिक्षण सोलापुरात झालं, मग मुंबई-पुण्याच्या कॉलेजात. पण पदवीपर्यंत काही गाडी गेली नाही. घरच्या धंद्यातही जीव रमेना. सावकारीत पैसा मिळतो, पण काही उभं राहत नाही, हे त्यांच्या मनात असावं असं त्यांचं पुढचं आयुष्य पाहून वाटतं. त्यांनी भागीदार शोधला तो कोण, तर रेल्वेत कारकुनी केलेले लक्ष्मणराव फाटक. भांडवल एकाचं, कामाची माहिती दुसऱ्याची. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दोघांनी बार्शी लाइट रेल्वेच्या रुळांच्या कामाचं कंत्राट घेतलं. कुर्डुवाडीकडची ती छोटी गाडी आपल्या आई-आज्यांनी पंढरपूरच्या वारीसाठी वापरलेली. त्या कामापासून वालचंदशेठ कंत्राटदार झाले.

पुढे मोठी कामं आली. मुंबई-पुणे रेल्वे ज्या भोर घाटातून जाते, तिथल्या बोगद्यांचं काम त्यांच्या मंडळींनी केलं. १९२६ साली हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी निघाली. कंत्राटदार म्हटलं की आज आपल्या डोळ्यांसमोर पहिल्या पावसात उखडलेला रस्ता येतो! म्हणून मुद्दाम सांगते, की पुण्याहून मुंबईला जाताना डोंगराच्या पोटातून गाडी जाते, तेव्हा आपण जीव मुठीत धरून बसत नाही. ज्याला कधी पाहिलं नाही त्याच्या कामावर आपण विश्वास टाकलेला असतो. धंद्यातली नीती म्हणजे पहिल्यांदा हीच. बाकीचं दानधर्म त्याच्या नंतर.

पण त्यांच्या आयुष्यातली खरी लढाई झाली ती समुद्रावर. १९१९ साल. पहिलं महायुद्ध नुकतंच संपलेलं. आपला माल परदेशी न्यायचा तर जहाजं सगळी इंग्रजांची, भाडं ते म्हणतील ते. रेल्वेच्या प्रवासात एका ओळखीच्या माणसाकडून वालचंदशेठना कळलं, असं सांगतात, की ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारांचं एक जहाज विकायला निघालंय. युद्धात जखमी सैनिकांसाठी वापरलेलं ते जहाज होतं, नाव लॉयल्टी. नरोत्तम मोरारजींसारख्या मित्रांना बरोबर घेऊन त्यांनी ते घेतलं आणि सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी उभी केली. ५ एप्रिल १९१९ रोजी लॉयल्टी मुंबईहून इंग्लंडला निघालं. १९६४ पासून ५ एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिवस म्हणून पाळतात, तो याच दिवसासाठी.

मग काय, परदेशी कंपन्यांनी भाव पाडायला सुरुवात केली. हे समजून घ्यायला फार लांब जायला नको. आपल्या बाजारपेठेत एखादी छोटी किराणा दुकानदारीण नवीन बसली, की शेजारचा मोठा दुकानदार महिनाभर तोट्यात साखर विकतो. ती उठली की भाव पुन्हा होता तिथे. जहाजवाल्यांनी अगदी हेच केलं. शिवाय त्यांच्याकडे आणखी एक युक्ती होती. व्यापाऱ्याने दिलेल्या भाड्यातला काही हिस्सा ते परत देत, पण लगेच नाही, काही महिन्यांनी, आणि तोही त्या मधल्या काळात दुसऱ्या कुणाच्या जहाजाने माल पाठवला नसेल तरच. म्हणजे आपलेच पैसे त्यांच्याकडे अडकलेले, त्यामुळे दुसरीकडे जायची सोय नाही. सगळं कायदेशीर. आणि सगळं अन्यायाचं.

सिंदिया कंपनी विकत घ्यायचाही प्रयत्न झाला. ती विकायला वालचंदशेठ तयार नव्हते. शेवटी १९२३ साली दहा वर्षांचा एक करार झाला. त्यात सिंदियाला किनाऱ्यावरची मालवाहतूक करायला मिळाली, पण जहाजं किती वाढवायची यावर बंधन आलं. वालचंदशेठना तो करार टोचत राहिला. तरी कंपनी टिकली. १९२९ ते १९५० या काळात ते तिचे अध्यक्ष होते.

आता आपल्या भागाकडे येऊ या. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी नीरा डावा कालवा आला आणि आपल्या बारामती-इंदापूरकडच्या कोरड्या जमिनींना पाणी दिसलं. पण पाणी आलं म्हणून लगेच पैसा आला असं नाही. त्या वेळी साखर जावा बेटावरून यायची. १९३२ साली सरकारने देशी साखरेला संरक्षण देणारा कायदा केला, बाहेरच्या साखरेवर जकात बसली, आणि मग देशभर कारखाने निघाले. वालचंदशेठनी त्याआधीच, १९२३ साली, नाशिक जिल्ह्यात मालेगावजवळ रावळगावला शेती सुरू केली होती. तिथे १९३३ साली साखर कारखाना झाला. आपण लहानपणी दहा-वीस पैशाला घेतलेल्या रावळगावच्या गोळ्या त्याच गावच्या. तो ब्रँड २०२४ साली रिलायन्सच्या कंपनीने विकत घेतला.

त्याच सुमाराला त्यांची नजर इंदापूर तालुक्यातल्या कळंबवर गेली. मार्सलँड प्राइस या त्यांच्या कंपनीने तिथे जमिनी घेतल्या, माळरान फोडून ऊस लावला, आणि १९३४ च्या सुमारास कारखाना उभा राहिला. कारखान्याबरोबर वसाहत आली, शाळा आली, दवाखाना आला. कळंबच्या माळावर वालचंदनगर वसलं. पुढे साखरेची यंत्रं तिथेच बनू लागली, मग सिमेंटची, मग आणखी कसली कसली. आज इस्रोच्या रॉकेटचे भाग वालचंदनगरला बनतात. २०२३ साली चांद्रयान-३ उडालं तेव्हा त्याच्या रॉकेटातही या गावचं काम होतं. खुरपं आणि कोयता एवढीच हत्यारं माहीत असलेल्या गावांतली पोरं तिथे लेथ मशीनवर हात बसवून आली. त्यांच्या बायकांच्या हातात महिन्याच्या महिन्याला पगार पडू लागला. पावसाकडे डोळे न लावता घर चालवता येणं म्हणजे काय सुख असतं, ते शेतकऱ्याच्या घरातल्या बाईला वेगळं सांगायला नको.

वालचंदशेठ एवढ्यावर थांबले नाहीत. १९३९ साली विमानप्रवासात एका अमेरिकन विमान-व्यावसायिकाशी त्यांची ओळख झाली आणि तिथूनच आपल्या देशात विमानं बनवायचं त्यांनी मनावर घेतलं. म्हैसूर संस्थानाने जमीन दिली, भांडवलात वाटा घेतला, आणि डिसेंबर १९४० मध्ये बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी निघाली. दुसरं महायुद्ध पेटलेलं होतं. जपान जवळ येत चाललेला. १९४२ साली सरकारने त्यांचा हिस्सा विकत घेतला. विशाखापट्टणमच्या जहाजबांधणीच्या गोदीची पायाभरणी १९४१ साली राजेंद्रप्रसादांच्या हस्ते झाली. तिथे बांधलेलं जलउषा हे जहाज १९४८ साली पंडित नेहरूंनी पाण्यात सोडलं. तीही गोदी पुढे सरकारकडे गेली. मोटारीच्या कारखान्याचं स्वप्न मात्र त्यांच्याच हातात राहिलं. मुंबईच्या कुर्ल्याची प्रीमियर ऑटोमोबाईल्स त्यांची. जी काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी मुंबईत गेल्यावर आपण पाहायचो आणि जी २०२३ साली रस्त्यावरून गेली, ती याच कंपनीची.

१९४९ साली त्यांना अर्धांगाचा झटका आला. कामातून ते बाजूला झाले. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातेत सिद्धपूरला त्यांचं निधन झालं. सांगलीचं इंजिनिअरिंग कॉलेज, सोलापूरची कॉलेजं त्यांच्या नावाने ओळखली जातात. त्यासाठी पैसा मागून त्यांच्या घराण्याच्या देणग्यांतून आला.

इथपर्यंत लिहून मी थांबले असते तर तुम्ही म्हणाला असता, छान, थोर माणूस! पण मावशींचा प्रश्न अजून माझ्या समोर होता. आणि हिशेब लिहायचा तर दोन्ही बाजू लिहायला हव्यात.

त्या काळी खासगी साखर कारखान्यांनी अनेक जिल्ह्यांत शेतकऱ्यांच्या जमिनी खंडाने घेतल्या. कळंबच्या बाजूलाही तेच झालं. खंड म्हणजे काय ते आपल्याला माहीत आहे. जमीन आपली, कसायची त्याने, वर्षाला ठरलेले पैसे. कधीतरी परत मिळणारच, या भरवशावर लोकांनी अंगठे उठवले. वालचंदशेठ गेल्यावर आठ वर्षांनी, १९६१ साली, कमाल जमीनधारणेचा कायदा आला. कारखान्यांकडच्या जमिनी सरकारने घेतल्या आणि १९६३ साली शेती महामंडळ काढून त्याच्याकडे दिल्या. ज्यांनी खंडाने दिल्या होत्या, ते शेतकरी बघत राहिले. कुणीही चोरी केली नव्हती, कुणीही कायदा मोडला नव्हता, आणि तरीही जमीन गेली. आपल्या इंदापूर तालुक्यात वालचंदनगर आणि रत्नपुरी इथे महामंडळाचे मळे झाले. खंडकरी शेतकऱ्यांनी मोर्चे काढले, कोर्टात गेले. जमिनी परत द्यायला सुरुवात झाली ती २०१२ साली. म्हणजे जवळजवळ पन्नास वर्षांनी! अंगठा उठवणारे तोवर कधीच गेले होते. त्यांच्या बायका, ज्यांचं नाव सात-बारावर कधी लागलंच नव्हतं, त्याही गेल्या.

हा दोष वालचंदशेठच्या एकट्याच्या माथी मारावा असं मी म्हणणार नाही. कायदा त्यांच्या मागून आला. पण एवढं तर खरं, की ज्या धंद्याने माळावर गाव वसवलं, त्याच धंद्याच्या कागदावर दुसऱ्या कुणाची तरी जमीन अडकली. कारखान्याचा पगार मिळाला ते घर सुखावलं, आणि जमीन अडकली ते घर झुरत राहिलं. दोन्ही घरं एकाच आळीतली असू शकतात. माणूस मोठा होता म्हणून दुसऱ्या घराचं दुःख छोटं होत नाही. आणि ते दुःख आहे म्हणून त्याने केलेलं कामही खोटं ठरत नाही. आपल्याकडे पुढे सहकारी कारखाने निघाले, सोमेश्वर, माळेगाव, छत्रपती. तिथे शेतकरी स्वतःच सभासद झाला. जमीन आपल्या नावावर ठेवून साखर काढता येते, हे त्यातून दिसलं.

आता सीएसआरचं पाहू. २०१३ च्या कंपनी कायद्यात कलम १३५ आलं आणि १ एप्रिल २०१४ पासून ते लागू झालं. ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, किंवा उलाढाल १००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपयांच्या वर आहे, तिने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातले निदान २ टक्के समाजासाठी खर्चायचे. जिथे कारखाना आहे त्या भागाला आधी द्यावं, असंही कायदा सांगतो. म्हणजे मशीन मिळतात ती काही कुणाची मेहेरबानी नाही, हे आधी आपण डोक्यात पक्कं करू या. पण यात एक गंमत आहे. फक्त आपल्याच कामगारांच्या भल्यासाठी केलेला खर्च या २ टक्क्यांत धरत नाहीत. ते बरोबरही आहे, कारण कामगाराला नीट वागवणं हे दान नव्हेच. पण त्यामुळे होतं असं, की मशीन वाटल्याचा फोटो अहवालात छापून येतो, आणि कंत्राटावरच्या बाईचा थकलेला पगार त्या अहवालात कुठेच दिसत नाही.

साखरेचंच उदाहरण घ्या. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांचं २०१९ साली पेपरात आलेलं तुम्ही वाचलंच असेल. खाडा झाला की मुकादम पैसे कापणार. पाळी आली, पोट दुखलं, तरी मोळी उचलायचीच. सरकारने समिती नेमली. सुमारे ८२ हजार बायकांची पाहणी झाली. त्यात १३ हजारांहून जास्त जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. यातल्या कितीतरी जणी पस्तिशी-चाळिशीच्या आतल्या. या बायका कुणाच्या कामगार? कारखाना मुकादमाकडे बोट दाखवतो, मुकादम नवऱ्याकडे. आणि साखर आपल्या चहात येते. अशा ठिकाणी कुणी कितीही मशीन वाटली तरी आधीचा प्रश्न शिल्लकच राहतो.

वालचंदशेठचं आयुष्य वाचून मला मावशींच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं ते असं. धंद्याची नीती तपासायची तर शेवटी काय वाटलं ते न बघता सुरुवातीपासून बघायचं. काम टिकाऊ केलं का? छोट्याला बाजारातून उठवलं की जगू दिलं? जमीन कुणाची, पाणी कुणाचं, कागदावर काय लिहिलं? पगार वेळेवर दिला का? त्यात जेवढे उतरले तेवढं वालचंदशेठना मानायचं, आणि जिथे बाकी राहिली तिथे बाकी लिहायची. आपल्या पापड-मसाल्याच्या धंद्यालाही हाच हिशेब. पाकिटावर दोनशे ग्रॅम लिहिलं तर दोनशेच भरायचं. आणि लाटायला येणाऱ्या बाईचे पैसे दिवाळीपर्यंत ताटकळत ठेवायचे नाहीत. हे लिहिताना माझाही चेहरा जरा उतरला, कारण गेल्या दिवाळीत आम्ही तेच केलं होतं.

पुढच्या बैठकीत बराच वाद झाला. काही जणींचं म्हणणं, आलेली लक्ष्मी कशाला परत पाठवता? मावशी म्हणाल्या की परत पाठवा असं मी कधी म्हटलं, मी नुसतं विचारलं. शेवटी अर्ज भरायचा आणि सोबत एक पत्र जोडायचं ठरलं. कंत्राटदाराने पगार थकवला तर तो द्यायची जबाबदारी मूळ कंपनीची, असं कायदाच सांगतो. तेवढंच साध्या भाषेत लिहिलं. खाली सतरा जणींच्या सह्या. मावशींनी अंगठा उठवला नाही. मोडक्यातोडक्या अक्षरात का होईना, सहीच केली. आणि त्याच बैठकीत लाटणाऱ्या बायकांचे राहिलेले पैसे आम्ही गटाच्या पेटीतून देऊन टाकले.

महिन्याभराने मशीन आली. हार-तुरे झाले, फोटो झाले. आलेल्या साहेबांना पत्राचं विचारलं, तर त्यांनी बघतो म्हणून सांगितलं आणि पत्राची दुसरी प्रत घडी करून खिशात घातली.

त्या रात्री वहीत दोन ओळी लिहिल्या. शिलाई मशीन दहा, मिळाली. सुनांचा पगार, बाकी. दुसऱ्या ओळीवर रेघ मारायची वेळ अजून आलेली नाही. दर बैठकीला ती वाचूनच आम्ही पुढच्या कामाला लागतो.